नभोनिबंधातील ‘मी’ : एका भाषणाच्या निमित्ताने

मराठी समीक्षेने लघुनिबंधाचा जितका विचार केला आहे, तितका नभोभाषणाचा केलेला नाही. फडके, खांडेकर आणि काणेकर यांच्या लघुनिबंधांतील ‘मी’ कोणता, तो लेखकाचाच की लेखकाने घेतलेले सोंग, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. ‘गुजगोष्टी’, ‘वायुलहरी’ आणि ‘पिकली पाने’ या संग्रहांचे तौलनिक विवेचन अनेक अध्यापकांनी वर्गात केले असेल. परंतु रेडिओच्या ध्वनिग्राहकापुढे बसून, हातातील चार पानांच्या आधाराने, अपरिचित श्रोत्याला आपल्या आयुष्याचे सूत्र सांगणारा जो ‘मी’ आहे, त्याची गणना साहित्यात करावी किंवा नाही, याविषयी आपण बहुधा मौनच पाळले आहे. भाषण हवेत विरते, मजकूर दप्तरात पडून राहतो आणि समीक्षकाच्या हाती काही येत नाही, हे या मौनाचे एक कारण असू शकेल. पण ज्या भाषणांचा मजकूर उपलब्ध आहे, त्यांच्या बाबतीत ही सबब टिकत नाही.

या जातीच्या लेखनापुढे दोन संकटे असतात. आपल्या जीवनविषयक श्रद्धा सांगावयास बसलेला माणूस उपदेशाकडे तरी घसरतो किंवा आत्मप्रौढीकडे तरी वळतो. उपदेशात ‘मी’ नाहीसा होतो आणि आत्मप्रौढीत ‘मी’वाचून दुसरे काही उरत नाही. या दोहोंच्या मधून जी अरुंद वाट जाते, ती ज्याला साधली त्याचा नभोनिबंध साहित्य झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. ती वाट कोणत्या गुणांनी साधते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून केलेल्या वार्तांकनामुळे घराघरांत पोहोचलेले एडवर्ड मरो यांनी १९५१ मध्ये ‘दिस आय बिलीव्ह’, म्हणजे ‘माझी ही श्रद्धा’, या नावाची नभोमालिका सुरू केली. ती १९५५ पर्यंत चालली. प्रत्येक भाषण सुमारे पाच मिनिटांचे असे. हेलन केलर आणि एलेनॉर रूझवेल्ट यांच्यासारख्या विख्यात व्यक्तींबरोबरच सामान्य व्यवसायांतील माणसेही तेथे बोलली. बोलणाऱ्याने धर्मप्रवचन करू नये, स्वतःविषयी प्रथमपुरुषी बोलावे आणि आपण काय मानतो ते सांगावे, अशी अपेक्षा होती. निवडक भाषणांचे पुस्तक १९५२ मध्येच निघाले, आणि अर्धशतकानंतर २००५ पासून २००९ पर्यंत नॅशनल पब्लिक रेडिओने ही मालिका पुन्हा चालविली.

या मालिकेतील एक भाषण येथे विचारात घेण्याजोगे आहे. जॅकी रॉबिन्सन हा बेसबॉलचा खेळाडू. गोऱ्यांसाठीच राखून ठेवलेल्या मोठ्या संघांच्या स्पर्धेत १९४७ मध्ये उतरलेला तो आधुनिक काळातील पहिला कृष्णवर्णीय. १९५२ मध्ये केलेल्या आपल्या नभोभाषणात त्याने एक आठवण सांगितली. १९४७ च्या अंतिम मालिकेच्या आरंभी राष्ट्रगीत वाजू लागले, तेव्हा ते इतरांइतकेच आपल्यासाठीही वाजत आहे अशी भावना त्याच्या मनात प्रथमच उद्भवली. मुक्त समाजावरील आपल्या विश्वासाचा तो पुरावा म्हणून त्याने ती सांगितली. पुढे १९७२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तेथे तोच प्रसंग पुन्हा येतो. पण आता आपण उभे राहून ते राष्ट्रगीत म्हणू शकत नाही, ध्वजाला वंदन करू शकत नाही, असे तो लिहितो. गोऱ्या जगात आपण कृष्णवर्णीयच राहिलो, हे त्याचे कारण.

या दोन विधानांपैकी खरे कोणते, असा प्रश्न विद्यार्थी विचारील. उत्तर असे की दोन्ही खरी. जीवनश्रद्धेचे विधान गणिताच्या सिद्धांतासारखे कालातीत नसते, त्याला तारीख असते आणि ती तारीख त्याच्या अर्थाचाच भाग असते. १९५२ च्या भाषणाची थोरवी १९७२ च्या कबुलीने उणी होत नाही. उलट पहिले विधान केवळ शोभेचे नव्हते, माणूस वीस वर्षे त्याच्याशी झगडत राहिला, हे दुसऱ्यामुळे कळते. ज्या श्रद्धेशी पुढे भांडण करावेच लागले नाही, ती श्रद्धा कदाचित कधी धारणच केलेली नव्हती.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे बोलून चिंतन करण्याची परंपरा रेडिओच्या कितीतरी आधीची आहे. कीर्तनाचा पूर्वरंग आणि प्रवचन ही तिची जुनी रूपे. तिचे आधुनिक काळातील सर्वोत्तम उदाहरण म्हणजे विनोबांची गीताप्रवचने. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तेथे श्रोता समोर बसलेला होता. तो कैदी होता, पण सोबती होता. रेडिओने ही सोबत काढून घेतली. मुंबईहून २३ जुलै १९२७ रोजी नियमित ध्वनिक्षेपण सुरू झाले, नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी उघडले, पुणे केंद्र १९५३ मध्ये, आणि मराठी वक्त्याला न दिसणाऱ्या श्रोत्याशी बोलण्याची विद्या नव्याने शिकावी लागली. मान डोलावणारा, हसणारा, उठून जाणारा श्रोता आता नव्हता. पुल आकाशवाणीच्या सेवेतच होते. ते ही विद्या किती सहजतेने शिकले, ते त्यांच्या रेडिओवरील भाषणांच्या संग्रहांत दिसते.

परंतु आकाशवाणीच्या सकाळच्या सभेत भक्तिसंगीताच्या शेजारी जे ‘चिंतन’ रूढ झाले, त्याच्याविषयी मात्र समाधानाने लिहिता येत नाही. नागपूर केंद्राच्या लहरी आमच्या बोरगावात पूर्वीपासून ऐकू येतात, आणि अशी चिंतने प्रस्तुत लेखकाने वर्षानुवर्षे ऐकली आहेत. त्यांतील भाषा शुद्ध, उच्चार स्वच्छ आणि हेतू निर्मळ असतो. तरीही ऐकून झाल्यावर वक्त्याचे नाव आठवत नाही, कारण त्या जागी दुसरा कोणीही असता तरी तेच बोलला असता. एक दृष्टान्त, एक संतवचन आणि शेवटी ‘आपण सर्वांनी असे वागले पाहिजे’ हा समारोप, अशी त्यांची ठराविक घडण. येथे ‘मी’चे रूपांतर ‘आपण’मध्ये होते. हे रूपांतर विनयाचे दिसते, पण त्यात एक पळवाट आहे. ‘आपण’ म्हटले की बोलणाऱ्याची व्यक्तिगत जबाबदारी संपते. ‘आपण सत्य बोलावे’ या वाक्यावर कोणी कोणाला जाब विचारू शकत नाही. ‘मी हे नाकारतो’ या वाक्यावर मात्र तो विचारता येतो.

हे दुसऱ्या प्रकारचे वाक्य ज्यात उच्चारले गेले, असे एक भाषण आपल्या साहित्यविचाराच्या कक्षेत आणावे असे वाटते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकाशवाणीवरून आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावर इंग्रजीत भाषण केले. त्या काळी नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे होते, आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झालेले होते. ‘विविध भारती’चा आरंभ व्हावयास बरोबर तीन वर्षे, म्हणजे ३ ऑक्टोबर १९५७ हा दिवस, उजाडावयाचा होता. अशा त्या गंभीर वळणाच्या आकाशवाणीवर हे काहीशे शब्दांचे, चार-पाच मिनिटांत वाचून होणारे भाषण झाले. राजकीय किंवा धार्मिक दस्तऐवज म्हणून ते पुष्कळांना ठाऊक आहे. निबंध म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

भाषणाचा आरंभ व्याख्येने होतो. प्रत्येक माणसाला जीवनाचे तत्त्वज्ञान असले पाहिजे, कारण आपले वर्तन मोजण्यासाठी काहीतरी माप हवे, आणि तत्त्वज्ञान म्हणजे असे मापच, असा त्याचा आशय आहे. ही व्याख्या किती कोरडी आणि किती उपयोगी आहे, ते पाहण्यासारखे आहे. तत्त्वज्ञान म्हणजे सांत्वन नव्हे, विसावा नव्हे, तर मोजपट्टी. आणि मोजपट्टी प्रथम लावावयाची ती स्वतःच्या वर्तनाला. उपदेशाची वाट येथे पहिल्या पावलालाच बंद होते.

यानंतर वक्ता आपल्या भूमिकेचे दोन भाग करतो, एक नकाराचा आणि एक स्वीकाराचा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नकार आधी येतो. भगवद्गीतेत सांख्यांच्या त्रिगुणांवर उभारलेले जे सामाजिक तत्त्वज्ञान आहे, ते आपण नाकारतो, ते कपिलाच्या मताचे क्रूर विकृतीकरण आहे आणि त्याने जातिव्यवस्थेला, पायऱ्यापायऱ्यांच्या विषमतेला हिंदू समाजजीवनाचा कायदा बनविले, असे ते सांगतात. स्वीकाराच्या बाजूला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे तीन शब्द येतात. येथे श्रोत्याच्या मनात जी शंका येणारच, ती ते स्वतःच उच्चारतात. हे शब्द फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतले असे कोणी म्हणू नये, त्यांचे मूळ राज्यशास्त्रात नसून धर्मात आहे आणि ते आपण आपल्या गुरूपासून, बुद्धापासून घेतले आहेत, असा खुलासा ते करतात. म्हणजे श्रद्धेबरोबर तिचे ऋणही सांगितले जाते, आणि कोणाचे ऋण नाही तेही सांगितले जाते.

पुढचा भाग मला या भाषणाचे हृदय वाटतो. अमर्याद स्वातंत्र्य समतेला मारते आणि निरपवाद समता स्वातंत्र्याला जागा ठेवत नाही, ही अडचण मांडून ते कायद्याकडे येतात. स्वातंत्र्य आणि समता यांच्या भंगाविरुद्ध कायदा हे एक कुंपण आहे, पण ती हमी नव्हे, खरे संरक्षण बंधुतेचे, आणि बंधुता हेच धर्माचे दुसरे नाव, अशी ही मांडणी आहे. कायदा कोणीही मोडू शकतो, बंधुता मात्र सर्वांनी पवित्र मानावयाची गोष्ट आहे. हे वाक्य दुसऱ्या कोणा सत्पुरुषाच्या तोंडी आले असते, तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. पण बोलणारा मनुष्य संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, देशाचा पहिला कायदामंत्री होता आणि १९५१ मध्ये त्या पदाचा राजीनामा देऊन बाहेर पडला होता. कायद्याच्या मर्यादेविषयी बोलण्याचा अधिकार ज्याने असा मोल देऊन मिळविला, त्याच्या तोंडी हे विधान अनुभवाची साक्ष होते. आणि गंमत अशी, की या साऱ्याचा उल्लेख भाषणात कोठेच नाही!

येथे एक वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो. जीवनश्रद्धेच्या निबंधात जीवनातील प्रसंग हवा, अशी आपली अपेक्षा असते. रॉबिन्सनने राष्ट्रगीताचा प्रसंग सांगितला. आंबेडकरांपाशी प्रसंगांची उणीव नव्हती. १९०१ मध्ये लहानपणी मसूर स्टेशनवर उतरल्यावर, जात कळताच कोणी गाडीवान आपल्या बैलगाडीत बसवून घेईना, ही हकिकत त्यांनी दुसरीकडे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत लिहिली आहे. नभोभाषणात तिचा मागमूसही नाही. हा दोष मानावा काय? प्रथम वाचनात मला तो दोष वाटला होता. आता तसे वाटत नाही. आपले दुःख सांगितले असते तर श्रोत्याला कणव आली असती, आणि कणव आलेला श्रोता युक्तिवादाशी झगडण्याचे टाळतो. वक्त्याला येथे सहानुभूती नको होती, त्याला मताला मताने उत्तर हवे होते. म्हणून त्याने आपले आयुष्य बाजूस ठेवले आणि केवळ माप पुढे केले. तरीही या मजकुरात ‘मी’ सतत उभा आहे. तो क्रियापदांत आहे : नाकारतो, घेतले, मला करावयाचे आहे. प्रसंगांवाचूनही आत्मनिष्ठ राहता येते, हे लघुनिबंधावर वाढलेल्या आपल्या अभिरुचीला शिकण्यासारखे आहे.

आता आक्षेपाकडे. गीताप्रवचनांच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला भाषणातील नकार प्रथम झोंबतो, हे लपविण्यात अर्थ नाही. विनोबांनी ज्या ग्रंथातून समत्वाचा बोध काढून कैद्यांपुढे ठेवला, त्याच ग्रंथात आंबेडकरांना विषमतेचा आधार दिसावा, हे कसे? गीतेतील गुणकर्मविभाग जन्मावर नव्हे, स्वभावावर आहे, असे उत्तर देण्याची सवय आपल्याला आहे. पण ते उत्तर कोण कोणाला देतो, हेही पाहिले पाहिजे. गुण स्वभावाचा असे म्हणणाऱ्या समाजाने प्रत्यक्षात तो जन्मावरूनच ठरविला, आणि ज्याच्या वाट्याला ते ठरविणे आले त्याने ग्रंथाची परीक्षा टीकाकारांच्या भाष्यावरून न करता फळावरून केली, तर तिला अन्याय्य म्हणता येणार नाही. विनोबांचे वाचन साधकाचे आहे, आंबेडकरांचे वाचन समाजशास्त्रज्ञाचे आहे. दोहोंना एकाच मापाने मोजून निकाल देण्याचा मोह समीक्षकाने आवरावा.

मात्र एक उणीव नोंदविणे भाग आहे. कपिलाच्या मताचे विकृतीकरण झाले, हे विधान भाषणात एका उपवाक्यात येते आणि पुराव्यावाचून निघून जाते. सांख्यदर्शन ज्याला ठाऊक नाही, असा श्रोता तेथे रिकाम्या हाताने राहतो, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला पुढे विचारावयाचे खूप असते. भगवद्गीतेविषयीचे त्यांचे विस्तृत विवेचन मरणोत्तर प्रसिद्ध झाले, त्यामुळे आजच्या वाचकाला ती भर इतरत्र मिळते, पण १९५४ च्या श्रोत्याला ती सोय नव्हती. पाच मिनिटांचा निबंध श्रद्धा सांगू शकतो, सिद्ध करू शकत नाही. ही या साहित्यप्रकाराचीच मर्यादा आहे. तिचे भान वक्त्याला होते, असे मला वाटते, कारण तेथेच ‘माझ्या मते’ हे शब्द आले आहेत.

शेवटी भाषण कार्याकडे वळते. आपल्या तत्त्वज्ञानाला एक जीवितकार्य आहे, त्रिगुणवाद्यांना तो वाद सोडावयास लावून आपले मत स्वीकारावयास लावणे हे ते कार्य, असे वक्ता म्हणतो. मग तो भारतीयांच्या दुहेरी जीवनावर बोट ठेवतो. संविधानाच्या उद्देशिकेतील राजकीय आदर्श स्वातंत्र्य, समता व बंधुता मानतो, आणि धर्मातील सामाजिक आदर्श त्यांना नाकारतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी विसंगतीच्या जीवनाचा जो इशारा दिला होता, त्याचेच हे पाच वर्षांनंतरचे हिशेबवजा स्मरण आहे.

आणि येथे तारखेचा प्रश्न पुन्हा येतो. १२ मे १९५६ रोजी लंडनच्या बीबीसीवरून त्यांनी बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो ते सांगितले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे त्यांनी तेथे मांडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. म्हणजे नभोभाषणातील ‘मला करावयाचे आहे’ या क्रियापदाला दोन वर्षे अकरा दिवसांत कृतीचे उत्तर मिळाले. ज्या नागपुरात ते घडले, ते त्या दिवशी मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि आमचा सौंसरचा मुलूख त्याच राज्यात होता. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. राज्याची सीमा मधून गेली, तरी त्या दीक्षेचे पडसाद आमच्याकडील गावांत उमटावयाचे राहिले नाहीत. रॉबिन्सनची श्रद्धा अनुभवाने बदलली, आंबेडकरांची श्रद्धा कृतीपर्यंत गेली. दोघांच्याही बाबतीत पुढील आयुष्याने निबंधावर सही केली आहे.

या विवेचनातून या प्रकारच्या निबंधाच्या तीन कसोट्या सुचतात. पहिली नकाराची : लेखक काय मानत नाही, ते त्याने स्पष्ट सांगितले आहे काय? दुसरी ऋणाची : आपली श्रद्धा कोठून आली, याचा हिशेब त्याने दिला आहे काय? तिसरी कृतीची : त्या श्रद्धेमुळे त्याला काही करणे भाग पडते काय, की ती केवळ सकाळच्या चहाबरोबर ऐकावयाची गोष्ट आहे? सकाळच्या चिंतनांपैकी बहुतेकांना पहिल्याच कसोटीवर थांबावे लागते. आकाशवाणीच्या प्रसारण-संहितेत धर्म वा समाज यांवर हल्ला नसावा असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पण एखादे मत सकारण नाकारणे आणि एखाद्या समाजावर हल्ला करणे या भिन्न गोष्टी आहेत. हा भेद विसरला गेला की मागे उरतो तो निरुपद्रवी सुविचार.

आणि हा सुविचार केवळ रेडिओवरच नाही. तो आमच्या शाळांच्या फळ्यांवर रोज सकाळी लिहिला जातो. परिपाठात एक विद्यार्थी तो वाचतो, इतर ऐकतात आणि घंटा होताच तो पुसला जातो. ‘माझे ध्येय’ या विषयावरचे निबंध तपासताना एकाच मार्गदर्शिकेतील वाक्ये चाळीस वह्यांत भेटावी, याचे आश्चर्य आता कोणा शिक्षकाला वाटत नसेल. दोष मुलांचा नाही. श्रद्धा म्हणजे सर्वांना मान्य असलेले वाक्य, असे आपणच त्यांना शिकविले आहे. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली उद्देशिका ते पाठ म्हणतात, पण तिच्यातील तीन शब्द एका माणसाला इतके जवळचे होते की त्यांसाठी त्याने जन्माचा धर्म सोडला, हे त्यांना ठाऊक नसते.

म्हणून माझी सूचना अशी, की हे भाषण वरच्या वर्गांत निबंध म्हणून वाचले जावे. ते जयंतीच्या दिवशी नव्हे, एरवीच्या तासाला वाचावे. त्यातील नकार पटलाच पाहिजे असा आग्रह शिक्षकाने धरू नये, पटला नाही तर का पटत नाही हे विद्यार्थ्याने ‘आपण’ न म्हणता ‘मी’ म्हणून लिहावे, एवढाच आग्रह असावा. मी स्वतः गीताप्रवचने अजूनही वाचतो, आणि या भाषणानंतर ती वाचताना पूर्वी ज्या ओळींवरून नजर सहज पुढे जात असे, तेथे थांबतो. एका नभोनिबंधाने वाचकाला इतके करावयास लावले, तर साहित्याच्या पंक्तीत त्याला पाट मांडण्यास आपण संकोच करण्याचे कारण नाही.